राजांची पुस्तके वाचताना वर्षांचा आणि नावांचा ताळा कसा जमवावा

बायबलच्या जुन्या करारातली शमुवेल आणि राजे ही पुस्तके वाचताना शौल, दावीद, शलमोन येथपर्यंत वाचन सरळ चालते. एका वेळी एक राजा आणि एकच सिंहासन असते. १ राजे १२ व्या अध्यायात राज्य फुटते आणि पुढच्या तीन-चार अध्यायांतच वाचकाचा धागा सुटतो. मेलेला राजा पुन्हा जिवंत असल्यासारखा येतो, एकाच नावाचे दोन राजे एकाच वेळी गादीवर दिसतात, आणि हौसेने वर्षांची बेरीज केली तर ती जुळत नाही. मग कोणी "आकडे चुकीचेच आहेत" म्हणून पुस्तक मिटतो, तर कोणी आकडे सोडून नुसत्या गोष्टी वाचतो. दोन्हींत नुकसान आहे. आकडे सोडले की संदेष्ट्यांची पुस्तके हवेत लटकतात. यशया कोणत्या संकटाबद्दल बोलतो आहे, आमोस कोणाच्या श्रीमंतीवर तुटून पडतो आहे, हे मग कळत नाही.

पुढचे टप्पे याच क्रमाने करा. नावे पक्की होण्याआधी वर्षे मोजायला बसणे आणि वर्षे लागण्याआधी बायबलमधली 'इतिहास' नावाची दोन पुस्तके शेजारी उघडणे या दोन घाईंमुळेच बहुतेक घोळ होतात.

## तयारी

एक जाड वही, दोन रंगांची पेने आणि बायबलच्या शेवटी छापलेला विभाजित राज्याचा नकाशा एवढे पुरे. वहीची समोरासमोरची दोन पाने एकत्र वापरा. डावे पान इस्राएलचे, म्हणजे उत्तरेच्या राज्याचे आणि उजवे यहूदाचे, म्हणजे दक्षिणेच्या राज्याचे. प्रत्येक पानावर पाच रकाने आखा: राजाचे नाव, दुसऱ्या राज्यातील राजाच्या कितव्या वर्षी गादीवर आला, किती वर्षे राज्य केले, गादी कशी गेली, संदर्भ. शेवटचा रकाना रुंद ठेवा, नंतर संदेष्टे आणि परराष्ट्रांचे राजे त्यातच जातील.

नकाशावर आठ ठिकाणे बोट ठेवून शोधा: यरुशलेम, शोमरोन, शखेम, तिरसा, बेथेल, दान, दिमिष्क, लाखीश. बेथेल यरुशलेमच्या उत्तरेला जेमतेम सतरा-अठरा किलोमीटरवर आहे. उत्तरेचा पहिला राजा यराबाम याने सोन्याचे वासरू तिथेच का बसवले, हे अंतर पाहिले की कळते. यरुशलेमच्या मंदिराकडे निघालेला माणूस वाटेतच थांबावा, हा त्याचा हेतू होता.

वाचायचा मुख्य पट्टा १ राजे १२ ते २ राजे २५. त्यापैकी १ राजे १२ ते २ राजे १७ हे २८ अध्याय दोन राज्यांचे आहेत आणि खरी कसोटी तिथेच लागते. रोज दोन अध्याय वाचून नोंदी केल्या तर दोन आठवड्यांत हा भाग होतो. भराभर वाचून नंतर नोंदी करू, असे ठरवू नका. मागे जाऊन नोंदी करताना प्रत्येक वेळी धागा नव्याने शोधावा लागतो.

सावध: बेने इस्राएल घरातला किंवा कोणताही यहूदी तनाख (यहूद्यांचा धर्मग्रंथ) वापरत असाल तर पुस्तकांची मांडणी वेगळी असेल. शमुवेल आणि राजे ही पुस्तके तिथे संदेष्ट्यांच्या विभागात येतात आणि इतिहास अगदी शेवटी. ख्रिस्ती छापील प्रतींत राजेनंतर लगेच इतिहास येते, त्यामुळे तो पुढचा भाग आहे असे वाटते. तो पुढचा भाग नाही, तोच काळ पुन्हा सांगितलेला आहे.

## टप्पा १ : आधी चौकट, मग नावे

वहीच्या पहिल्या पानावर फक्त तीन खांब उभे करा.

१. इ.स.पू. ९३१ च्या सुमारास शलमोनाचा मृत्यू आणि राज्याची फाळणी.
२. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरकडून (असिरियाकडून) शोमरोनचा पाडाव. उत्तरेचे राज्य संपले.
३. इ.स.पू. ५८७ किंवा ५८६ मध्ये बाबेलकडून (बॅबिलोनकडून) यरुशलेम आणि मंदिराचा विध्वंस. दक्षिणेचे राज्य संपले.

पहिल्या दोन खांबांमध्ये सुमारे २०९ वर्षे, पुढच्या दोहोंमध्ये सुमारे १३५. म्हणजे २ राजे १८ पासून उजवे पान एकटेच भरायचे आहे.

उत्तरेत १९ राजे झाले आणि घराणी वारंवार बदलली. दक्षिणेत १९ राजे आणि एक राणी, अथल्या. अथल्येची सहा वर्षे सोडली तर तिथे शेवटपर्यंत दावीदाचेच घराणे राहिले. डाव्या पानावर जिथे घराणे बदलते तिथे आडवी जाड रेघ मारा. नऊ रेघा यायला हव्यात: बाशा, जिम्री, अम्री, येहू, शल्लूम, मनहेम, पेकह, होशे यांच्या आधी प्रत्येकी एक आणि सर्वांत वर यराबामाची. कमी आल्या तर कोणता तरी राजा मुलगा म्हणून चुकून मागच्या घराण्यात गेला आहे.

शौल, दावीद आणि शलमोन यांच्या वर्षांवर फार वेळ घालवू नका. दावीद आणि शलमोन यांना प्रत्येकी ४० वर्षे दिली आहेत. दावीदाची फोड २ शमुवेल ५:५ मध्ये हेब्रोनात ७ वर्षे ६ महिने आणि यरुशलेमात ३३ वर्षे अशी आहे, म्हणजे चाळीस हा पूर्णांक केलेला आकडा आहे. शौलाच्या वर्षांचा मूळ इब्री (हिब्रू) मजकूर १ शमुवेल १३:१ मध्ये तुटलेला आहे आणि वेगवेगळी भाषांतरे तो वेगवेगळ्या रीतीने भरून काढतात. त्या जागी वहीत रिकामी चौकट ठेवा.

## टप्पा २ : ठराविक साचा ओळखा

राजांच्या पुस्तकांत जवळपास प्रत्येक राजाची नोंद एकाच साच्यात येते. अमक्या राज्यातील तमक्या राजाच्या इतक्याव्या वर्षी हा राजा झाला, त्याने अमक्या नगरात इतकी वर्षे राज्य केले, परमेश्वराच्या दृष्टीने त्याने बरे किंवा वाईट केले, बाकीच्या गोष्टी अमुक ग्रंथात लिहिल्या आहेत, तो आपल्या वाडवडिलांजवळ निजला, त्याच्या जागी अमका राजा झाला. हा साचा डोळ्यांत बसला की पान चाळतानाही नोंद कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते दिसते.

यहूदाच्या राजांच्या नोंदीत बहुतेक वेळा गादीवर येतानाचे वय आणि आईचे नाव असते. इस्राएलच्या राजांच्या नोंदीत ही दोन्ही नसतात. नावावरून राज्य कळत नसेल तेव्हा आईचे नाव शोधा. ते असेल तर उजवे पान. यहूदाचे यहोराम आणि आहाज यांच्या आईचे नाव मात्र दिलेले नाही.

साचा मोडतो तिथे थांबा. अथल्येसाठी हा साचा वापरलेलाच नाही, सुरुवातीलाही नाही आणि शेवटीही नाही. लेखक तिला कायदेशीर राज्यकर्ती मानत नाही. तिची वर्षे वहीत लिहा, पण चौकोनी कंसात.

आता सगळ्यांत मोठा सापळा. लेखक एका राजाची नोंद त्याच्या मृत्यूपर्यंत पूर्ण करतो आणि मग दुसऱ्या राज्याची गोष्ट सांगायला मागे जातो. १ राजे १५:२४ मध्ये यहूदाचा राजा आसा मरतो आणि त्याला पुरतात. पुढच्याच ओळीत, १५:२५ मध्ये, इस्राएलचा नादाब गादीवर येतो तो "आसाच्या दुसऱ्या वर्षी". घड्याळ जवळजवळ ४० वर्षे मागे गेले आहे. तिथून १६:२९ पर्यंत आसाचेच वर्ष मोजमाप म्हणून चालते. नादाब, बाशा, एला, जिम्री, अम्री हे सगळे आणि अहाबाचा आरंभ, हे सारे आसा यरुशलेमात जिवंत असताना घडले. यहूदाच्या यहोशाफाटाचेही तसेच आहे. त्याची औपचारिक नोंद १ राजे २२:४१ मध्ये, अहाबाच्या मृत्यूनंतर येते, पण त्याच अध्यायाच्या दुसऱ्या ओळीत तो अहाबाला भेटायला आलेला आहे.

म्हणून नियम असा: मजकुराचा क्रम म्हणजे काळाचा क्रम नव्हे. नवीन नोंद आली की आधी दुसऱ्या रकान्यातला आकडा लिहा आणि समोरच्या पानावर त्या वर्षाशी बारीक आडवी रेघ जोडा.

सावध: "बाकीच्या गोष्टी यहूदाच्या राजांच्या इतिहासात लिहिल्या नाहीत काय?" असे वाक्य आले की पुष्कळ वाचक लगेच बायबलमधले इतिहासाचे पुस्तक उघडतात. तो संदर्भ या पुस्तकाचा नाही. तो दरबारी नोंदींवरच्या एका वेगळ्या ग्रंथाचा आहे आणि तो ग्रंथ आज उपलब्ध नाही. उत्तरेच्या राजांसाठीही तशाच ग्रंथाचा हवाला येतो, बायबलमधले इतिहासाचे पुस्तक तर उत्तरेच्या बहुतेक राजांबद्दल गप्पच आहे.

## टप्पा ३ : नावांचा गुंता सोडवा

आधी "इस्राएल" या शब्दाचा बंदोबस्त करा. तो याकोबाचे दुसरे नाव म्हणून येतो, सगळ्या बारा वंशांसाठी येतो आणि फाळणीनंतर फक्त उत्तरेच्या राज्यासाठी येतो. उत्तरेचे राज्य बुडाल्यावर उरलेल्या यहूदालाही तोच शब्द लावला जातो. इतिहासाच्या पुस्तकात तर २ इतिहास २१:२ यहोशाफाटाला "इस्राएलाचा राजा" म्हणते, जरी तो यहूदाचा राजा होता. उलट उत्तरेच्या राज्याला एफ्राईम, योसेफ किंवा शोमरोन असेही म्हटलेले सापडते. होशेयाच्या पुस्तकात "एफ्राईम" दिसले की डावे पान.

मग एका नावाचे दोन राजे. वहीत प्रत्येकाला राज्याचे आद्याक्षर जोडा.

अहज्या (इ) हा अहाबाचा मुलगा, अहज्या (य) हा यहोरामाचा आणि अथल्येचा मुलगा. योराम (इ) आणि यहोराम (य) एकाच काळात राज्य करत होते आणि दोघांची नावे भाषांतरात कधी अशी, कधी तशी छापलेली असतात. योवाश (य) आणि यहोआश (इ) यांचाही काळ काही वर्षे एकमेकांवर चढतो. हे तीन जोड अहाबाच्या आणि येहूच्या घराण्यांच्या आसपास एकत्र येतात, कारण दोन्ही राजघराण्यांत सोयरीक झाली होती. अथल्या उत्तरेच्या राजघराण्यातून यहूदात सून म्हणून गेली. नावे सारखी असण्यामागे हे लग्न असावे, हे ध्यानात ठेवले की गुंता निम्मा सुटतो. यराबाम मात्र दोन्ही उत्तरेचेच, एक नबाटाचा मुलगा आणि दुसरा सुमारे दीडशे वर्षांनंतरचा, यहोआश (इ) याचा मुलगा.

उलट प्रकारही आहे, एका राजाची दोन-तीन नावे. ही यादी वहीच्या मागच्या कव्हरवर लिहून ठेवा:

- अजऱ्या म्हणजेच उज्जीया. २ राजे १५:१ मध्ये अजऱ्या, १५:१३ मध्ये उज्जीया. यशया ६:१ मधला "उज्जीया राजा मरण पावला त्या वर्षी" हा तोच.
- योशीयानंतर तीन महिने राज्य केलेला यहोआहाज म्हणजे यिर्मया २२:११ मधला शल्लूम. उत्तरेत महिनाभर राज्य केलेल्या शल्लूमाशी त्याचा काही संबंध नाही.
- यहोयाकीमाचे मूळ नाव एल्याकीम. मिसरच्या फारो नखोने ते बदलले.
- यहोयाखीन म्हणजेच यखन्या, म्हणजेच कोन्या. यिर्मयाच्या पुस्तकात हा तिन्ही नावांनी भेटतो.
- सिद्कीयाचे मूळ नाव मत्तन्या. ते बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने बदलले.
- अश्शूरचा पूल म्हणजेच तिग्लथ-पिलेसर.

यहोयाकीम आणि यहोयाखीन हे बाप-लेक. एका अक्षराच्या फरकामुळे इतकी गल्लत होते की वहीत बापाच्या नावाखाली ठळक रेघ मारलेली बरी. आहाज, अहाब आणि यहोआहाज यांच्याबाबतीतही तेच करा. मराठीत होशे हा उत्तरेचा शेवटचा राजा आणि होशेय हा संदेष्टा.

ताळा: पान न पाहता एवढे सांगता आले पाहिजे की येहूने एकाच दिवशी मारलेले दोन राजे कोण आणि कोणत्या राज्याचे. उत्तर: इस्राएलचा योराम आणि यहूदाचा अहज्या, २ राजे ९. उत्तर अडखळत आले तर पुढे जाऊ नका. पुढच्या टप्प्याचा सगळा हिशेब याच दिवसावर उभा आहे.

## टप्पा ४ : वर्षे मोजण्याची रीत

फाळणीच्या वेळी दोन्ही राज्ये एकाच क्षणी सुरू झाली आणि येहूच्या बंडाच्या दिवशी दोन्ही राजे एकाच वेळी मेले. मधला काळ दोन्ही बाजूंना सारखाच असला पाहिजे. करून पाहा.

डावे पान: यराबाम २२, नादाब २, बाशा २४, एला २, जिम्री ७ दिवस, अम्री १२, अहाब २२, अहज्या २, योराम १२. बेरीज ९८.

उजवे पान: रहबाम १७, अबीयाम ३, आसा ४१, यहोशाफाट २५, यहोराम ८, अहज्या १. बेरीज ९५.

तीन वर्षांचा फरक. बहुतेक लोक इथेच हात टेकतात. आता डाव्या पानाच्या दुसऱ्या रकान्याकडे नीट पाहा. नादाब आसाच्या २ ऱ्या वर्षी गादीवर आला, त्याने "२ वर्षे" राज्य केले आणि ३ ऱ्या वर्षी तो मारला गेला. बाशा ३ ऱ्या वर्षी आला, २४ वर्षे राज्य केले आणि एला २६ व्या वर्षी आला. एला "२ वर्षे", पण २७ व्या वर्षी त्याचा खून झाला. प्रत्यक्ष अंतर १, २३, १. प्रत्येक वेळी दिलेल्या आकड्यापेक्षा बरोबर एक कमी.

मूल दोन वर्षांचे पूर्ण झाले की आपण म्हणतो, "तिसरं लागलं." पूर्ण झालेली वर्षे मोजली तर दोन, चालू वर्ष धरले तर तीन. उत्तरेचे राज्य चालू वर्ष धरून मोजत होते. राजा ज्या वर्षी गादीवर आला, ते अर्धेमुर्धे वर्ष त्याचे पहिले वर्ष. तेच वर्ष आधीच्या राजाचे शेवटचे म्हणूनही धरलेले असते. म्हणजे प्रत्येक गादीबदलाला एक वर्ष दोनदा मोजले जाते. सात दिवसांचा जिम्री सोडून आठ राजांची आठ वर्षे वजा करा: ९८ उणे ८, उरली ९०.

यहूदात आरंभी गादीवर येण्याचे अपुरे वर्ष शून्य धरत आणि पुढच्या नव्या वर्षापासून पहिले वर्ष मोजत. मग ९५ का? दोन कारणे आहेत. यहोराम आणि अहज्या यांच्या काळात, म्हणजे उत्तरेशी सोयरीक झाल्यावर, यहूदानेही उत्तरेची रीत उचललेली दिसते. ती दोन वर्षे कमी करा. आणि आसाला ३९ व्या वर्षी पायाचा मोठा विकार झाला, असे २ इतिहास १६:१२ सांगते. तो ४१ व्या वर्षी मेला. त्या शेवटच्या काळात यहोशाफाट बापाबरोबर गादीवर होता आणि त्याच्या २५ वर्षांत ती सुमारे तीन वर्षेही धरलेली आहेत, असे मानले की ९५ उणे २ उणे ३, उरली ९०.

रीत बदलल्याची खूण मजकुरातच आहे. २ राजे ८:२५ म्हणते की अहज्या (य) योरामाच्या १२ व्या वर्षी राजा झाला. ९:२९ म्हणते ११ व्या वर्षी. एकच घटना, एकच पुस्तक आणि दोन मोजण्या. वाचकाला ही विसंगती वाटते, पण चालू वर्ष आणि पूर्ण वर्ष एवढाच त्यात फरक आहे. असाच एका वर्षाचा फरक पुढेही भेटेल. यहोयाखीन शरण गेला ते नबुखद्नेस्सराचे ८ वे वर्ष, असे २ राजे २४:१२ सांगते आणि यिर्मया ५२:२८ त्याच्या ७ व्या वर्षी नेलेल्या बंदिवानांची संख्या देते. विध्वंसाचे वर्ष २ राजे २५:८ मध्ये १९ वे, यिर्मया ५२:२९ मध्ये १८ वे.

जोडराज्याचे, म्हणजे बाप-लेक एकाच वेळी गादीवर असण्याचे, प्रकार अंदाजाने घालू नका. मजकुरात खूण असेल तिथेच घाला. उज्जीयाला कोड झाल्यावर योथाम कारभार पाहत होता, हे २ राजे १५:५ उघड सांगते. अम्रीच्या बाबतीत १ राजे १६:२३ म्हणते की तो आसाच्या ३१ व्या वर्षी राजा झाला आणि १२ वर्षे राज्य केले, पण १६:२९ मध्ये अहाब ३८ व्या वर्षीच गादीवर येतो. उकल मधल्या ओळींत आहे. २७ व्या वर्षी जिम्री मेल्यावर लोक दुभंगले, निम्मे तिब्नीच्या मागे गेले. ३१ वे वर्ष म्हणजे तिब्नी मेल्यावर अम्री एकटा राजा उरला ते. १२ वर्षे मोजायची ती २७ पासून.

वर्षारंभाचाही प्रश्न असतो. महाराष्ट्रात वर्ष गुढीपाडव्याला बदलते, गुजराती व्यापाऱ्याच्या वहीत बलिप्रतिपदेला. एकच तारीख दोन वह्यांत दोन वर्षांखाली पडते. तसेच तिथे निसान, म्हणजे साधारण चैत्राच्या सुमारास आणि तिश्री, म्हणजे आश्विनाच्या सुमारास असे दोन वर्षारंभ होते. योशीयाच्या १८ व्या वर्षी नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला, देशभर मूर्ती आणि उच्च स्थाने (मंदिराबाहेरची, टेकड्यांवरची पूजास्थाने) मोडली गेली आणि त्याच १८ व्या वर्षी वल्हांडण सण झाला. वल्हांडण निसानच्या १४ तारखेला येतो. वर्ष निसानला सुरू झाले असते तर हे सगळे दोन आठवड्यांत उरकावे लागले असते. म्हणून यहूदात राजाची वर्षे तिश्रीपासून मोजत, हे अधिक पटते.

सावध: येहूच्या बंडानंतरचा पट्टा इतका सुरेख जुळत नाही आणि तो ओढूनताणून जुळवू नका. इ.स.पू. ८४१ ते ७२२ म्हणजे सुमारे १२० वर्षे, पण यहूदाची बेरीज १६५ येते आणि इस्राएलची १४३ वर्षे ७ महिने. बरीच जोडराज्ये या काळात पडतात. दोन गाठी खास अवघड आहेत. पेकहाची २० वर्षे शोमरोनात बसत नाहीत. तो आधी यार्देनेच्या पूर्वेला प्रतिस्पर्धी म्हणून राज्य करत असावा, असे बरेच अभ्यासक मानतात. दुसरी गाठ हिज्कीयाची. २ राजे १८:१० प्रमाणे शोमरोन पडले ते त्याचे ६ वे वर्ष, म्हणजे आरंभ इ.स.पू. ७२८ च्या आसपास. १८:१३ प्रमाणे अश्शूरचा राजा सन्हेरीब आला ते १४ वे वर्ष, म्हणजे आरंभ ७१५. यावर अजून एकमत नाही. वहीत दोन्ही तारखा लिहा आणि पुढे प्रश्नचिन्ह ठेवा.

## टप्पा ५ : बाहेरच्या तारखांना खिळे मारा

बायबल "अमक्याच्या इतक्याव्या वर्षी" एवढेच सांगते, इ.स.पू.चा आकडा त्यात कुठेच नाही. तो येतो अश्शूर आणि बाबेलच्या नोंदींतून. अश्शूरी लोक दर वर्षाला एका अधिकाऱ्याचे नाव देत आणि त्या यादीत एका वर्षी सूर्यग्रहण नोंदलेले आहे. खगोलगणिताने ते १५ जून, इ.स.पू. ७६३ ला पडते. तिथून पुढे-मागे सगळी यादी बसवता येते. आपल्याकडे जंत्री वापरून शकाचा इसवी सन काढतात तसेच हे काम आहे.

शेवटच्या रकान्यात लाल पेनाने एवढे लिहा:

- इ.स.पू. ८५३ : कर्करची लढाई. अश्शूरचा राजा शल्मनेसर तिसरा याच्या शिलालेखात विरोधकांमध्ये इस्राएलचा अहाब आहे, २,००० रथ आणि १०,००० पायदळ घेऊन. बायबलमध्ये या लढाईचा उल्लेख नाही.
- ८४१ : येहू शल्मनेसराला खंडणी देतो. काळ्या स्तंभावर ते चित्र कोरलेले आहे. तो स्तंभ आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.
- ७३२ : दिमिष्क पडले.
- ७२२ : शोमरोन पडले.
- ७०१ : सन्हेरीबाची स्वारी आणि लाखीशचा वेढा.
- ६०९ : मगिद्दोजवळ योशीयाचा मृत्यू.
- ५९७ : यरुशलेम शरण, यहोयाखीन कैद.

ताळा: अहाब ८५३ मध्ये जिवंत होता आणि ८४१ मध्ये येहू गादीवर आलेला होता. मधे १२ वर्षे. मजकुराप्रमाणे मधे अहज्या २ आणि योराम १२, बेरीज १४. उत्तरेच्या रीतीने प्रत्येकी एक वर्ष कमी केले की १२. टप्पा ४ मधला नियम बाहेरच्या पुराव्यावर असा तंतोतंत उतरतो. म्हणून अहाबाचा मृत्यू ८५३ मध्येच, त्या लढाईनंतर लवकरच झाला असे धरतात.

सन्हेरीबाच्या स्वारीत दोन्ही बाजू शेजारी ठेवून वाचा. २ राजे १८:१४ मध्ये हिज्कीयाने दिलेली खंडणी ३०० किक्कार (वजनाचे एक माप) चांदी आणि ३० किक्कार सोने. सन्हेरीबाच्या लेखात सोने ३० आणि चांदी ८००. तो ४६ तटबंदीची नगरे घेतल्याचे आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखे कोंडल्याचे सांगतो. यरुशलेम घेतले असे मात्र तो म्हणत नाही.

## टप्पा ६ : संदेष्ट्यांना त्यांच्या जागी बसवा

प्रत्येक संदेष्ट्याच्या पुस्तकाची पहिली ओळ वाचा आणि त्यातले राजे वहीत शोधा. आमोस आणि होशेय यराबाम दुसरा आणि उज्जीया यांच्या काळात. यशया उज्जीया, योथाम, आहाज, हिज्कीया यांच्या. मीखा शेवटच्या तिघांच्या. यिर्मयाची सुरुवात योशीयाच्या १३ व्या वर्षी. योना पहिल्या ओळीवरून सापडत नाही, त्याच्यासाठी २ राजे १४:२५ पाहा. एलीया आणि अलीशा यांच्या नावाची पुस्तके नाहीत, ते राजांच्याच पुस्तकात आहेत.

यशया ७ वाचण्यापूर्वी २ राजे १६ वाचा. अरामचा रसीन आणि इस्राएलचा पेकह एकत्र येऊन आहाजावर चालून आले आहेत, हे माहीत नसेल तर "धुमसणारी दोन कोलिते" म्हणजे काय ते समजणार नाही.

सावध: यिर्मयाचे पुस्तक काळाच्या क्रमाने लावलेले नाही. ३२ वा अध्याय सिद्कीयाच्या १० व्या वर्षाचा आणि ३६ वा यहोयाकीमाच्या ४ थ्या वर्षाचा, म्हणजे सतरा-अठरा वर्षे आधीचा. प्रत्येक अध्यायाच्या माथ्यावर पेन्सिलीने राजाचे नाव लिहा, मगच वाचा.

## टप्पा ७ : इतिहासाची पुस्तके आता उघडा

ही पुस्तके बाबेलच्या बंदिवासानंतरच्या लोकांसाठी लिहिली गेली. त्यांचा डोळा मंदिर, लेवी (मंदिरसेवा करणारा वंश) आणि दावीदाचे घराणे यांवर आहे. पहिले नऊ अध्याय वंशावळी आहेत, ते पहिल्या वाचनात बाजूला ठेवले तरी चालतील. उत्तरेचे राजे यहूदाशी संबंध आला तरच येतात. एलीया इथे फक्त एका पत्रापुरता आहे, २ इतिहास २१:१२. दावीदाचे बथशेबेशी झालेले प्रकरण इथे नाही.

वाचताना तीन खुणा करा: जे दोन्हीकडे आहे त्याला बरोबर, जे फक्त राजांत आहे त्याला र, फक्त इतिहासात आहे त्याला इ. मनश्शे चांगला नमुना आहे. २ राजे २१ मध्ये तो शेवटपर्यंत दुष्ट आहे आणि यहूदाच्या नाशाचे कारण त्याच्यावर ठेवले आहे. २ इतिहास ३३ मध्ये त्याला बेड्या घालून बाबेलला नेतात, तिथे तो पश्चात्ताप करतो आणि परत येतो. दोन्ही वृत्तांत एकत्र कालवून तिसरीच गोष्ट तयार करू नका. प्रत्येक लेखक काय दाखवतो आहे ते आधी वेगळे वाचा.

आकड्यांत फरक दिसला तर आधी नकलेची चूक संभवते का ते पाहा. २ राजे ८:२६ मध्ये अहज्या (य) २२ व्या वर्षी राजा झाला. २ इतिहास २२:२ च्या इब्री मजकुरात ४२. त्याचा बाप यहोराम ३२ व्या वर्षी गादीवर आला, ८ वर्षे राज्य करून ४० व्या वर्षी मेला. मुलगा बापापेक्षा दोन वर्षांनी मोठा असू शकत नाही, म्हणून २२ धरायचे. यहोयाखीनाचे वय १८ की ८, हाही तसाच प्रश्न, २ राजे २४:८ आणि २ इतिहास ३६:९. काही भाषांतरे हे तळटिपेत सांगतात, काही गुपचूप दुरुस्त करतात. तळटिपा वाचा.

## टप्पा ८ : लेखकाचा निवाडा आणि राजाचे कर्तृत्व वेगळे ठेवा

राजांचा लेखक एकच माप लावतो: या राजाने यरुशलेमच्या मंदिराशी आणि देवाशी झालेल्या कराराशी इमान राखले का? त्यामुळे उत्तरेचे जवळजवळ सगळे राजे "नबाटाचा मुलगा यराबाम याच्या पापात" चाललेले ठरतात. ते पाप म्हणजे बेथेल आणि दान येथील वासरे. यहूदाच्या चांगल्या म्हटलेल्या राजांपुढेही "पण उच्च स्थाने काढली नाहीत" अशी ओळ येते. हिज्कीया आणि योशीया हे दोघेच त्यातून पूर्णपणे सुटतात.

ओळींची संख्या म्हणजे राजाचे महत्त्व असे समजू नका. अम्रीच्या कारकिर्दीला १ राजे १६ मध्ये सहा ओळी आहेत. पण शोमरोन त्याने वसवले, मवाबचा राजा मेशा याने आपल्या शिलालेखात अम्रीने मवाबला दाबून ठेवल्याचे कोरले, आणि त्याचे घराणे बुडाल्यावरही अश्शूरी लोक त्या देशाला अम्रीचे घर म्हणत राहिले. ज्या येहूने ते घराणे संपवले त्यालाही काळा स्तंभ अम्रीचा मुलगा म्हणतो. यराबाम दुसऱ्याची ४१ वर्षे सात ओळींत संपतात. त्या वर्षांतली सुबत्ता आणि तिच्या बुडाशी गरिबांची झालेली पिळवणूक आमोसाच्या पुस्तकात सापडते. म्हणून वहीत निवाड्याचे शब्द एका रंगात आणि राजाने प्रत्यक्ष केलेली कामे दुसऱ्या रंगात लिहा.

## शेवटची नोंद

उजव्या पानाचे शेवटचे काही राजे भराभर संपतात: यहोआहाज ३ महिने, यहोयाकीम ११ वर्षे, यहोयाखीन ३ महिने, सिद्कीया ११ वर्षे. सिद्कीयानंतर रेघ ओढून वही बंद करू नका. गादी रिकामी झाली तरी मोजणी थांबत नाही, तिचा आधार तेवढा बदलतो. यहेज्केल १:२ मध्ये तारीख येते ती "यहोयाखीन राजाच्या बंदिवासाच्या ५ व्या वर्षी" अशी. ५९७ पासून मोजा, ५९३ येते. २ राजे २५:२७ मध्ये त्याच बंदिवासाच्या ३७ व्या वर्षी बाबेलचा राजा अवील-मरोदख यहोयाखीनाला तुरुंगातून काढतो आणि रोजचे अन्न बांधून देतो. ५९७ पासून तसेच मोजा. ५६१ येते, अवील-मरोदख गादीवर आल्याच्या अगदी लगतचे वर्ष. बाबेलच्या उत्खननात त्याआधीच्या काळातल्या, नबुखद्नेस्सराच्या वेळच्या शिधावाटपाच्या मातीच्या पाट्या सापडल्या आहेत. त्यांवर यहोयाखीन आणि त्याचे पाच मुलगे यांना दिलेल्या तेलाची नोंद आहे. त्याच्या नावापुढे लिहिले आहे, यहूदाचा राजा.